लाकडाचं पाणी

त्या दिवशी सकाळी बायकोने माझी पाठ चोळली आणि रोजच्यासारखं विचारलं, "पाणी कसं हाये?" मी रोजच्यासारखं म्हणालो, "लाकडाचं ते लाकडाचं." मग दुपारी जेवताना मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. ती म्हणाली, "शेवटच्या पोळीले सिलिंडर सरलं, फोन लावून द्या." मी म्हणालो, "लावतो." लावला नाही. ती जरा पडते म्हणून पडली आणि चहाच्या वेळेला उठली नाही.

एवढंच. अंथरूण धरणं नाही, धावपळ नाही, शेवटची इच्छा वगैरे काही नाही. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला आणि शेवट सिलिंडरवर झाला.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

घरामागे आमची सांदवाडी आहे. दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा. एका कोपऱ्यात आंघोळीचा दगड, दुसऱ्या कोपऱ्यात मातीची चूल आणि चुलीवर पाण्याचा गुंड. तो पितळेचा आहे हे आता फक्त मला माहीत, बाकी कोणाला सांगितलं तर हसतील, इतका काळा. या चुलीवर स्वयंपाक होत नव्हता. स्वयंपाकाला गॅस आहे, आम्ही काही जंगलात राहत नाही. ही चूल फक्त माझ्या आंघोळीच्या पाण्याची.

मी विणकर. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि माग चालवायचा, असं चाळीस वर्षं केलं. त्या खड्ड्याची थंडी पायात चढते ती मग उतरत नाही. ती उतरवायला लाकडावर तापलेलं पाणी लागतं. गिझरचं पाणी वरच्यावर गरम असतं. कातड्यापर्यंत जातं, हाडापर्यंत जात नाही. हे मी कोणालाही समजावून सांगायला तयार असायचो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. माग बंद पडला तेव्हा मीच तो मोडला. सागाचा होता. दोन हिवाळे त्याच्यावर पाणी तापलं. रोज सकाळी तिने एक एक तुकडा चुलीत सारायचा आणि मी तिकडे बघायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं होतं. त्यानंतर लाकूड टालीवरून, म्हणजे वखारीतून, यायला लागलं.

शेजारी पूर्वी आमच्यासारखंच कौलारू घर होतं. ते पडलं आणि तिथे तीन मजल्यांची फ्लॅट स्कीम उभी राहिली. तिची भिंत आमच्या सांदवाडीला अगदी चिकटून. पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराची खिडकी बरोबर आमच्या चुलीवर. तिथे राहायला आली एक रिटायर मास्तरीणबाई. एकटी बाई, आणि तिला दमा.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी वरून आवाज आला.

"अहो आजोबा, धूर! माझं घर भरलं!"

"मग खिडकी लाव!"

"लावली तरी येतो!"

"मग जास्त लाव!"

हे असं रोज. बाई शिकलेली, म्हणून कधी कधी खाली येऊन समजावून सांगायची. धुरात म्हणे सूक्ष्म कण असतात, ते छातीत जाऊन बसतात. मी म्हणालो, "सूक्ष्मच असतील तर काय बिघडते? मोठे गेले तर सांगजा." ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघतात तशी. मी चौथीपर्यंत शिकलो, तेव्हाही माझ्याकडे असंच बघायचे.

मी भांडत असलो की बायको घरात पळायची, पदर तोंडाला लावून. मला वाटायचं खोकून राहिली.

खोकायचीही खूप. फुंकणी तोंडाला लावून वाकली की ढास लागायची, मग चूल राहायची बाजूला आणि ती भिंत धरून बसायची. एकदा मास्तरीणबाईने तक्रार केली आणि महापालिकेच्या झोनमधून एक माणूस आला. चूल पाहिली, चहा प्याला, एक कागद देऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्या कागदानेच चूल पेटली. तो कागद माझ्या हाताने मी बायकोला दिला होता, पेटवायला.

मुलगा बुटीबोरीला कारखान्यात आहे, तिकडेच राहतो. तो आला आणि आईला धरमपेठेत छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी पण गेलो. डॉक्टर म्हणाला, "आजींच्या छातीत पन्नास वर्षांचा धूर आहे. आता एक दिवससुद्धा नको." माझ्याकडे वळून विचारलं, "घरी चूल आहे का?"

मी म्हणालो, "जेवणाची नाही."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, गिझर बसवून देतो."

"मी मेल्यावर बसव."

"बाबा, आईचा तरी विचार करा ना."

"पन्नास वर्षांचा आहे म्हणते डॉक्टर. त्याच्यात अजून एका हिवाळ्याचा किती होईन?"

 बायको म्हणाली, "राहू दे रे. त्याईचं आंग दुखते त्या पाण्याबिगर."

तो गिझर घेऊनच आला होता. मी खोक्यासकट परत पाठवला. त्या दिवशी मी चूल मोडायला पाहिजे होती. मोडली नाही. हे साफ लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी मला भला माणूस म्हणू नये.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः टालीवर जाऊन बाभळीचं लाकूड निवडून आणलं. एक एक ओंडका ठोकून पाहिला. टालवाला म्हणाला, "बाबूजी, लडकी देख रहे हो क्या?" मी लक्ष दिलं नाही. सांदवाडीत रचून वर ताडपत्री टाकली. पावसाळा गेला, दिवाळी आली, थंडी पडली.

आणि हा हिवाळा काय गेला म्हणता! लाकूड सरेचना. मी रोज सकाळी पाचला उठून दुधाला जातो. दूध घेऊन तिथेच टपरीवर चहा, आमच्यासारखे चारपाच रिकामटेकडे, साडेसहाला परत. परत येतो तर चुलीतून धुराची बारीक रेघ, गुंडातून वाफ, शेजारी ती पंखा घेऊन बसलेली. मी दगडावर बसायचो. पाणी असं की पहिला गडू घेतला की मणक्याला कळावं. वरून मास्तरीणबाई ओरडायची, मी "खिडकी लाव" म्हणायचो, ती पदर तोंडाला लावून आत पळायची. पण खोकला कमी. चेहऱ्यावर जरा पाणी आलेलं. आणि ताडपत्रीखालची रास जशीच्या तशी.

मी टपरीवर सगळ्यांना सांगितलं. लाकूड पारखून आणलं की असं असते. एक चिपटी टाकली की गुंड उकळते. धूर नाही, धूर नाही म्हणून खोकला नाही. डॉक्टरलोकांले काय समजते? दोघांनी माझ्याकडून टालीचा पत्ता घेतला.

आता परत त्या दुपारी येतो.

मुलगा बुटीबोरीहून आला, नातेवाईक आले, वस्ती गोळा झाली. मास्तरीणबाई सगळ्यात आधी आली आणि तिच्या उशाशी जी बसली ती उठली नाही. मला जरा नवल वाटलं. चार वर्षं जिच्याशी भांडलो ती बाई माझ्या बायकोच्या केसांवरून हात फिरवून राहिली.

आमच्यात एक म्हातारा आहे, मर्तिकाचं सगळं त्याला पाठ. लग्नाला त्याला कोणी बोलावत नाही. तो मुलाला म्हणाला, "आता घरचा इस्तू आन गा मडक्यात."

मडक्यात घरचा विस्तव न्यायचा आणि त्यानेच पेटवायचं, अशी रीत आहे. घाटावर कोणाची काडीपेटी चालत नाही. मी दुपारपासून एक शब्द बोललो नव्हतो. पण विस्तवाचं नाव निघालं आणि मला बोलावंसं वाटलं.

"चुलीत हाये. वरची राख सार, खाली निखारा भेटते. बाभूळ हाये, सांजवरी जागते."

अशा वेळेलाही माझ्या आवाजात ऐट होती. मला स्वतःला ऐकू आली.

मुलाने फुंकणीने राख उकरली. मग पाहतो तर हात घातला. पूर्ण हात, कोपरापर्यंत.

"बाबा, राख थंडी हाये."

"खाली पाय ना."

"खालीच पाहून राहिलो."

"अजून खाली."

"अजून खाली जमीन हाये, बाबा."

मग त्याच्या हाताला काहीतरी लागलं. त्याने बाहेर काढला तो पावडरीचा डबा, झाकण नसलेला, आणि त्यात अर्धवट जळालेली नारळाची शेंडी. सगळे वाकून पाहायला लागले. म्हाताऱ्याने डबा हुंगला, दोन पावलं मागे सरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "घरावर कोनं काई करून ठेवलं का गा?"

मी म्हणालो, "फालतू बोलू नको. विझली असेल. पेटव."

ताडपत्री काढली. वरची लाकडं बरी होती, खालची सगळी पावसाळ्यात ओल धरून बसलेली आणि वाळवी लागलेली. मी ठोकून ठोकून आणलेली. मुलगा फुंकायला बसला, माझा साळा बसला, शेवटी म्हातारा पण बसला. तिघं तीन बाजूंनी फुंकून राहिले, राख एकमेकांच्या तोंडावर उडवून राहिले, आणि आग म्हणून नाही, नुसता धूर. असा धूर त्या चुलीने जन्मात काढला नसेल. सांदवाडी भरली, मागची खोली भरली, समोरच्या खोलीत गेला. तिथे बाया रडत होत्या, त्या खोकायला लागल्या. कोण रडते आणि कोण खोकते काही समजेना. माझी साळी "माझी बहीण वं" म्हणता म्हणता "दार उघडा वं" म्हणायला लागली.

तेवढ्यात मास्तरीणबाई बाहेर आली. एका हातात दम्याचा पंप, दुसऱ्या हाताने पदर नाकाला.

"बंद करा ते! आजींना आता तरी धुरात ठेवू नका."

तिघंही फुंकायचे थांबले.

"आजोबा, त्या चुलीत आग नाही. दिवाळीच्या आधीपासून नाही."

मी म्हणालो, "मग पाणी कशावर तापत होतं?"

तिने बोट वर केलं. न्हाणीघराच्या खिडकीत हिरव्या रबरी पाइपचं तोंड दिसत होतं. तो पाइप मी रोज पाहायचो. मला वाटायचं तिच्या कुंड्यांचा असेल. न्हाणीघरात कुंड्या कोण ठेवते, हा विचार एवढ्या महिन्यांत माझ्या डोक्यात आला नाही.

"तुम्ही दुधाला गेलात की मी गिझर लावायची," ती म्हणाली, "आणि गुंडात पाइप सोडायची."

माझा साळा हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण आवाज निघून गेला. मग त्याने नाक शिंकरल्यासारखं केलं. मुलगा राखेच्या हातानेच डोळे पुसायला लागला, त्यामुळे त्याचं तोंड असं झालं की त्याच्याकडेही बघवेना.

म्हाताऱ्याला यातलं काही घेणंदेणं नव्हतं. तो म्हणाला, "दिवस बुडाले आला. इस्त्याचं काय?"

मुलगा म्हणाला, "गॅसवर गोवरी पेटवतो."

मी म्हणालो, "सिलिंडर सरलं." मी फोन लावला नव्हता.

मास्तरीणबाई म्हणाली, "माझ्या गॅसवर पेटवून आणते."

म्हातारा म्हणाला, "गॅस चालते आजकाल. पन घरचा पायजे. तुमचं घर वायलं, बाई."

तेव्हा ती मास्तरीण झाली. आवाजच बदलला. "यांच्या घरचं पाणी इतके महिने माझ्या घरी तापतं आहे. मग माझी आग यांच्या घरची नाही तर कोणाची?"

म्हातारा माझ्याकडे पाहायला लागला. सगळेच पाहायला लागले. रीत मोडायची की नाही ते मी ठरवायचं होतं, आणि मी तर अजून पाइपाकडेच पाहून राहिलो होतो.

"आन," मी म्हणालो.

ती एक गोवरी घेऊन वर गेली. गोवरी गॅसवर धरून पाहा एकदा, मग समजेल. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराचा लोट निघाला, मग बैठकीच्या, मग गॅलरीतून. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी ओरडलं, "काय जळून राहिलं वं?" ज्या घरात धूर येतो म्हणून चार वर्षं भांडण झालं, त्या घरातून धूर खाली येऊन राहिला होता आणि मी खाली उभा होतो. मला "खिडकी लावा" असं काही म्हणावंसं वाटलं नाही. ती जिना उतरली तेव्हा चिमट्यात लाल गोवरी, डोळ्यांतून पाणी, दम लागलेला. मुलाने मडकं पुढे केलं. तिने त्यात विस्तव ठेवला आणि तिथेच पायरीवर बसून दोनदा पंप ओढला.

घाटावरून आलो, आंघोळी झाल्या, पाहुणे पांगले. मास्तरीणबाई आमच्यासाठी वरून डाळभात घेऊन आली होती, आमच्या घरी त्या दिवशी काही शिजवायचं नव्हतं. मुलाने दोन घास खाल्ले. मी नाही. मग मी तिला विचारलं, हे कधीपासून आणि कोणाच्या डोक्यातून.

तिने जे सांगितलं ते असं. दिवाळीच्या आधी एका सकाळी धूर आला म्हणून ती भांडायला खाली उतरली. मी टपरीवर. पाहते तर माझी बायको चुलीपुढे भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळे, हातात फुंकणी. हिने स्वतःचा पंप तिच्या तोंडाला लावला. जरा बरं वाटल्यावर म्हणाली, आजी, आजोबांना मी सांगते. तर बायको म्हणाली, "त्याईले नोको सांगू बाई. चाळीस वर्सं थंड्या खड्ड्यात बसले थे. त्याईचा विश्वास हाये लाकडावर, राहू दे."

मग पाइपाचं ठरलं. दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो म्हणे, "आज धूर नाही दिसला?" म्हणून तो पावडरीचा डबा आणि नारळाची शेंडी. मी गल्लीच्या कोपऱ्यावर दिसलो की बायकोने ती पेटवायची, मी आंघोळीला बसलो की झाकायची. चिमूटभर धूर, वासापुरता. आणखी दोन दिवसांनी मी म्हणालो, "मास्तरीणबाई ओरडली नाही आज. मेली का?"

"मेली का, असं म्हणालात," मास्तरीणबाई म्हणाली.

"म्हनालो असेन."

"तर आजी वर येऊन मला सांगून गेल्या, बाई, तू रोज ओरडत जा. भांडन बंद झालं तर माह्यासंग भांडतीन. म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे, पंप घ्यायचे आणि गॅलरीत येऊन ओरडायचे. एक दिवस मला ताप होता तरी ओरडले. आजी खालून खूण करायच्या, जोरात म्हणून."

मुलगा मान खाली घालून ऐकून राहिला होता. त्याचे खांदे हलायला लागले. या वेळेला तो हसत होता की काय ते मी विचारलं नाही.

मी विचारलं, "आन् थे पदर तोंडाला लावून आत पळे तेव्हा?"

"हसायच्या," ती म्हणाली.

हे सगळं मी वहीत लिहिलं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मास्तरीणबाईने नीट केलं. बाकी कुठे तिला हात लावू दिला नाही. एका ठिकाणी तिने कडेला लिहिलं होतं, "आजोबांना दुःख झाले." मी ते खोडलं. मला काय झालं ते तिला काय माहीत. मला पहिल्यांदा राग आला. की मला सांगितलं का नाही. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? पाइप कापला असता. तिला हे माहीत होतं, म्हणून सांगितलं नाही. माझ्यापासून जीव वाचवायला तिला माझ्याच दुश्मनाकडे जावं लागलं. आणि चार महिने तिला बरा श्वास मिळाला तो त्या पाइपामुळे, माझ्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला जाग आली. उठलो आणि दुधाला गेलो. जायचं नव्हतं, पाय गेले. दूधवाल्याने रोजच्यासारख्या दोन थैल्या दिल्या, त्याला माहीत नव्हतं. मी दोन्ही घेतल्या. टपरीवर थांबलो नाही. लाकडाबद्दल कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

घरी आलो आणि मागे गेलो. चुलीवर गुंड होता आणि खिडकीतून पाइप खाली सोडलेला होता. पाणी पडून राहिलं होतं. वाफ निघत होती. कोणी मास्तरीणबाईला सांगितलं नव्हतं.

मी दगडावर बसलो. पहिला गडू घेतला. पाणी मणक्याला कळलं, गुडघ्यात उतरलं, हाडापर्यंत गेलं. काल जात होतं तसंच. पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही, तेवढी कोरडी राहिली. दुसरा गडू घेतला, तिसरा घेतला. वरून आवाज नाही. मला बसवेना.

"मास्तरीणबाई!"

ती खिडकीत आली. "पाणी कमी पडलं का, आजोबा?"

"ओरडत काहून नाही आज?"

"आज कशाला ओरडू? धूर कुठे आहे?"

"काल तरी कुठं होता? ओरड."

ती खिडकीतून गेली. मला वाटलं गेली, आता येत नाही. मग गॅलरीचं दार वाजलं आणि वरून आवाज आला, शाळेत सगळ्या वर्गाला ऐकू जावा तसा, फक्त शेवटी जरा फाटला.

"अहो आजोबा, धूर! माझं घर भरलं!"

मुलगा आतून धावत आला, तोंडात ब्रश, हातात पाण्याची बादली. "कुठं हाये धूर? काय पेटलं?"

"काई नाही पेटलं. आत जा तू."

मी ओल्या पंच्यात उभा राहिलो, मागे वळून घराच्या दारातून आत एकदा पाहिलं, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या जोराने ओरडलो, "मग खिडकी लाव!"